यंत्र रुसते तेव्हा

आषाढ लागला की आमच्या माळव्यात दोन आवाज हमखास कानी येतात. एक पावश्याचा, आणि दुसरा गवत कापण्याच्या यंत्राची दोरी पुनःपुन्हा ओढणाऱ्या माणसाच्या धापांचा. दिवाळीपर्यंत बिनतक्रार चाललेले यंत्र सात-आठ महिने कोठीत विसावलेले असते. पहिल्या दोन सरी होतात, बघता बघता गवत गुडघ्याला लागते, मुलांच्या पायांखाली काय वळवळेल याची आयांना धास्ती वाटू लागते, आणि नेमके त्याच वेळी यंत्र रुसून बसते. भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो प्लग गेला, दुसरा म्हणतो कार्बोरेटर गेला, तिसरा तर नवे यंत्र घेण्याचीच शिफारस करतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही तऱ्हा!

शिवणयंत्राच्या निगेविषयी या सदरात आम्ही मागे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत, पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनांविषयीही लिहावे, अशी सूचना काही वाचकांनी केली होती. तिला मान देऊन आजचा हा लेख.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी चार आघातांचे इंजिन चालवून दाखविले. आपल्या वसाहतीतील गवत कापण्याच्या यंत्रात बहुधा त्याच कुळातले, एका सिलिंडरचे इंजिन असते. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घ्यावे, ते दाबावे, ठिणगीने पेटवावे आणि जळका वायू बाहेर सोडावा, एवढाच त्याचा नित्यक्रम. म्हणून सुरू न होणाऱ्या इंजिनाला चारच प्रश्न विचारावयाचे असतात. पेट्रोल पोहोचते का? हवा मिळते का? ठिणगी पडते का? आणि दाब निर्माण होतो का? यांपलीकडे त्याची मागणी नाही.

प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, हे मात्र महत्त्वाचे आहे. सोप्याकडून कठिणाकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र आम्ही शिक्षक मंडळी जन्मभर घोकत आलो. ते यंत्रालाही तंतोतंत लागू पडते.

प्रारंभ पाना हाती न घेता, नुसत्या डोळ्यांनी करावा. पेट्रोलची तोटी उघडी आहे ना? बटण चालू आहे ना? पुष्कळ यंत्रांना मुठीलगत एक आडवी पट्टी असते. ती मुठीशी दाबून धरल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. यंत्र थंड असेल तर चोक ओढलेला हवा, तापलेले असेल तर नको. इंजिनातील तेलाची पातळीही पाहावी. काही इंजिनांत तेल कमी झाले की ठिणगी आपोआप बंद पडण्याची योजना असते. तिथे प्लगला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

त्यानंतर पेट्रोल. आमच्या मते आषाढातील बहुतेक रुसव्यांचे मूळ इथेच सापडते. उघड्यावरच्या अत्तराप्रमाणे पेट्रोलचाही उडून जाणारा अंश आधी निघून जातो आणि मागे जड, चिकट, आंबूस वासाचा भाग उरतो. त्यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले आणि २०२५ साली वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघालेली असते! तेव्हा थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावे. तळाशी वेगळा थर वा थेंब दिसले, किंवा वास आंबूस आला, तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल घालावे. यंत्र सुरू होऊन काही मिनिटांत पुन्हा बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजले नाही ना, तेही पाहावे. आत हवा शिरली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही.

तिसरी पायरी हवेची. गाळणी स्पंजाची असल्यास साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी, मग चार थेंब तेल लावून पिळून बसवावी. कागदाची असल्यास हलकेच झटकावी. ती कधीही धुऊ नये.

चौथी पायरी ठिणगीची. स्पार्क प्लग काढून त्याचे तोंड निरखावे. फिकट तपकिरी रंग प्रकृती उत्तम असल्याचे सांगतो. काळी, कोरडी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळत आहे. तोंड पेट्रोलने ओले असेल, तर दोरी ओढण्याचा अतिरेक झाला आहे. प्लग पुसून, पंधरा मिनिटे भोक उघडे ठेवून, मग चोक न ओढता प्रयत्न करावा. वारंवार ओढूनही प्लग कोरडाच राहत असेल, तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. कार्बोरेटरच्या तळाची वाटी आणि आतील जेटचे सुईएवढे छिद्र साफ करण्याची वेळ आली आहे, असे समजावे. हे छिद्र पोलादी तारेने कोरू नये. ते मोठे झाले, तर दुखणे कायमचे जडते.

ठिणगी प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास सांडलेले पेट्रोल पुसून, उघड्या जागी, प्लग त्याच्या टोपणात बसवावा. मग तो रबरी मुठीच्या पकडीने धरून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि दुसऱ्याकरवी दोरी ओढवावी. प्लगच्या भोकापासून मात्र दूर राहावे, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

एवढे करूनही यश न आल्यास दोन शक्यता उरतात. दोरी ओढताना काहीच विरोध जाणवत नसेल, तर दाब निर्माण होत नाही आणि काम कारागिराचे आहे. पाते दगडावर आपटल्यानंतर दोरी हाताला उलटा हिसका देऊ लागली असेल, तर फ्लायव्हीलची चावी तपासावी. ही चावी मुद्दामच मऊ धातूची केलेली असते. ती स्वतः तुटते आणि महागडा आस वाचविते. ती किंचितही सरकली, तरी ठिणगी अवेळी पडते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी प्लगचे टोपण काढून दूर सारावे, मग घाई कितीही असो. गवत अडकलेले पाते हाताने फिरविताना इंजिन एक उसळी घेते, आणि बोटे परत येत नाहीत. यंत्र कलते करताना कार्बोरेटरची बाजू वर ठेवावी. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये, जवळ विडी ओढू नये आणि बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्याचा धूर विषारी असतो.

आमच्या माहितीतील एका वसाहतीत यंत्र सुरू होईना म्हणून समितीने माळ्याला बेफिकीर ठरवून त्याचे चार दिवसांचे वेतन कापले. पुढे एका कारागिराने टाकी उपडी केली, तेव्हा आत गेल्या कार्तिकातले पेट्रोल निघाले. ते काढून टाकण्यास माळ्याला कोणी सांगितले नव्हते. मोसम संपताच यंत्र कुलपात गेले होते आणि किल्ली समितीच्याच चिटणिसांकडे होती. यंत्र पाच मिनिटांत सुरू झाले. कापलेले वेतन परत मिळविण्यास मात्र त्या गरिबाला दोन महिने हेलपाटे घालावे लागले. यंत्राला चार प्रश्न विचारण्याचे कष्ट ज्यांनी घेतले नाहीत, त्यांनी माणसाला एकही विचारला नाही, याचे आम्हांस अधिक दुःख वाटते. यंत्राचा दोष हुडकण्यास अर्धा तास लागतो. तेवढा वेळ न देता माणसावर ठेवलेला दोष पुसावयास किती लागेल, याचा हिशेब कोणी करीत नाही.

खंडेनवमीला आपण घरातील हत्यारे आणि यंत्रे धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतो. माळव्यातील, बडोद्यातील वा बेळगावातील मराठी घर असो, ही चाल आपण सोडलेली नाही. गवताचा मोसम त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच सरतो. तेव्हा त्या दिवशी फुलांबरोबर एक संकल्पही करावा. शेवटची कापणी झाली की टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा, पात्याखालचे गवत खरवडावे आणि तेल बदलावे. आणि हे काम कोणी करावयाचे ते माळ्यासमक्ष ठरवून, कोठीच्या दारावर लिहून ठेवावे.