'देतो' आणि 'देऊ शकतो'

मराठीच्या तासाला मी मुलांना नेहमी बजावतो, की बाबांनो, क्रियापदाकडे नीट लक्ष द्या. 'वाणी उधार देतो' आणि 'वाणी उधार देऊ शकतो' या दोन वाक्यांत अंतर किती, हे महिन्याच्या पंचवीस तारखेला कुठल्याही गृहिणीला विचारून पाहावे! मुले हसतात आणि वहीत काही लिहून घेत नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा दोन गुणांचा प्रश्न. पण याच दोन क्रियापदांच्या घोळापायी एका श्रीमंत देशात कोट्यवधी डॉलरांचा हिशेब वरखाली झाला, असे सांगितले तर वाचकांनाही ती मास्तरी अतिशयोक्ती वाटेल.

देश अर्थातच अमेरिका. वेगवान इंटरनेट कोणाच्या घरी पोचले आणि कोणाच्या नाही, याची नोंद तिथला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा सरकारी आयोग ठेवतो. त्यासाठी कित्येक वर्षे '४७७ नंबरचा फॉर्म' चालू होता. प्रत्येक कंपनीने वर्षातून दोनदा तो भरायचा आणि जनगणनेच्या कोणकोणत्या गटांत आपली सेवा आहे ते लिहायचे. गट म्हणजे शहरात चार रस्त्यांमधला एक चौकोन; खेड्यात मात्र तोच गट मैलोगणती पसरलेला. नियम असा, की गटातल्या एका घराला जरी कंपनी सेवा देत असेल, किंवा फारशी यातायात न करता देऊ शकत असेल, तरी सगळा गट नकाशावर रंगवून टाकावा! एकाच्या घरी पुरणपोळी झाली, तेव्हा सगळी आळी जेवली, असा हा न्याय.

अर्थात आपण फार हसू नये. २००४ साली आपल्याकडे व्याख्या ठरली, ती अशी की गावात वीजवाहिनी आली, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी दिवे लागले आणि दहा टक्के घरांत वीज आली, की गाव 'विद्युतीकृत'. उरलेल्या नव्वद टक्क्यांनी तो आनंद कंदिलाच्या उजेडात साजरा करावा!

तर त्या ४७७ नंबरच्या फॉर्मची खरी गंमत २०१९ साली उघडकीला आली. इंटरनेटपासून वंचित असलेल्या अमेरिकनांची संख्या एका वर्षात २ कोटी ६१ लाखांवरून १ कोटी ९४ लाखांवर उतरली, असे आयोगाने त्या फेब्रुवारीत मोठ्या हौसेने जाहीर केले. एका नागरी संस्थेने कागद चाळले, तेव्हा दिसले की न्यूयॉर्ककडच्या एका नवख्या छोट्या कंपनीने आठ राज्यांतले जवळजवळ सगळेच गट आपल्या नावावर लिहून दिले आहेत. वस्ती म्हणाल तर सुमारे सव्वासहा कोटी! म्हणजे निम्म्या महाराष्ट्राला जेवायला घालण्याची क्षमता एखाद्या खानावळवाल्याने फॉर्मवर लिहावी आणि सरकारने ती खरी मानून धान्यवाटप बंद करावे, तशातली गत. आयोगाने आकडा दुरुस्त केला. तो २ कोटी १३ लाख भरला. एवढे अवाढव्य कोठार, पण दाराशी निवडायला बसणारे कोणी नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये नवा कायदा झाला आणि २०२२ च्या नोव्हेंबरात नवा नकाशा आला. आता गटाऐवजी एकेका घराचा, दुकानाचा ठिपका. असे अकरा कोटींहून अधिक ठिपके. मागणी केल्यापासून कामाच्या दहा दिवसांत, नेहमीच्याच जोडणीखर्चात जी कंपनी सेवा देऊ शकेल, तिचेच नाव त्या ठिपक्यावर चढायचे. 'देऊ शकते' कायम राहिले, पण त्याला निदान दहा दिवसांचे कुंपण पडले.

तारेने इंटरनेट पुरवणाऱ्यांना हे सोपे आहे. तार एक तर दारापर्यंत आलेली असते किंवा नसते. खरी पंचाईत बिनतारीवाल्यांची. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत, जिथे मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत, तिथे हे छोटे व्यावसायिक पाण्याच्या टाकीवर नाही तर धान्याच्या उंच कोठारावर आपले यंत्र बसवतात, गिऱ्हाइकाच्या छपरावर एक लहानशी तबकडी लावतात आणि लहरींवर काम चालवतात. या लहरींना समोरासमोरची नजर लागते. केवळ सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीही जागा मोकळी लागते, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, थेट पखवाजाच्या आकाराची. त्या पखवाजात टेकडीचा खांदा शिरला की सूर गेला. झाडाचे तर विचारूच नका. पानांतल्या ओलाव्यात लहरी जिरून जातात.

मग हे लोक आपला नकाशा काढतात कसा? संगणकाला मनोऱ्याची उंची, यंत्राची ताकद आणि भूप्रदेशाचा चढउतार सांगायचा. तो लहरी कुठवर जातील याचा अंदाज रंगवून देतो. आयोगाच्या नियमाप्रमाणे त्या रंगाच्या कडेला जाहीर केलेला वेग मिळण्याची शक्यता निदान ७५ टक्के असली पाहिजे, आणि छपरावरची तबकडी ४ ते ७ मीटर उंचीवर धरावी. म्हणजे अगदी कडेच्या चार घरांपैकी एकाला तो वेग मिळाला नाही, तरी नकाशा कायद्याने खराच!

त्या चौथ्या घरात माझी एक मावसबहीण राहते. व्हर्मॉन्ट राज्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका गावी. नकाशावर तिच्या ठिपक्याला एक लहानशी स्थानिक कंपनी जोडलेली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात तिने फोन केला, तेव्हा मालक स्वतः शिडी घेऊन आला. छपरावर चढला, चहूकडे पाहिले आणि खाली उतरून म्हणाला, "बाई, शेजाऱ्यांचे मेपल आडवे येतात. हिवाळ्यात पाने झडली की तबकडी लावून देईन, पण वसंतात तुम्ही मला शिव्या द्याल."

"मग नकाशावर माझे घर कसे?"

"संगणकाला टेकड्या ठाऊक असतात. तुमचे शेजारी ठाऊक नसतात."

माणूस भला होता. नकाशावर हरकत घेण्याची सोय आहे. 'या जागी लहर पोचत नाही' असे कारणही यादीत तयार आहे. बहिणीने हरकत नोंदवली. कंपनीला उत्तरासाठी साठ दिवस असतात. याने आठवड्यात मान्य करून टाकली. एक ठिपका पुसला गेला. त्याला काय एवढे, असे मी म्हणालो, तर तिने मला चांगलेच फैलावर घेतले. कारण २०२१ च्या कायद्याने घरोघर इंटरनेट नेण्यासाठी ४,२४५ कोटी डॉलर मंजूर झाले होते, आणि २०२३ च्या जूनमध्ये राज्यांचे वाटे पडले ते मुख्यतः याच नकाशावरची वंचित घरे मोजून. एकट्या टेक्ससला ३३० कोटींहून अधिक. ज्याच्या ठिपक्यावर सेवा दिसते, त्याच्या दाराशी सरकारी खर्चाची तार येत नाही. खोट्या रंगाखाली सापडलेल्या घराला ना लहर, ना तार.

पण याला दुसरीही बाजू आहे, आणि मला तीच अधिक बोचते. काही छोट्या व्यावसायिकांचे काम परवाना न लागणाऱ्या लहरींवर चालते. आपल्या घरातला वायफाय चालतो त्याच जातीच्या. या लहरी कोणीही वापराव्यात, म्हणून त्यांत गर्दी, खरखर, अडथळे. तेव्हा ही सेवा 'भरवशाची' नव्हे, असे या योजनेच्या २०२२ च्या नियमांनी ठरवून टाकले. भीती अगदीच निराधार नव्हती. पण परिणाम असा झाला, की दहा दहा वर्षे ज्याने बर्फात मनोरे चढून गावाला इंटरनेट पुरवले, त्याचे गिऱ्हाईक योजनेच्या हिशेबात 'वंचित' ठरले. त्याच रस्त्यावर सरकारी अनुदानाने दुसऱ्याची तार टाकली जाणार, आणि याच्या डोक्यावर मनोऱ्यांचे कर्ज तसेच.

२०२५ च्या जूनमध्ये नियम पालटला. अशी सेवा असलेली ठिकाणे राज्यांनी पुन्हा तपासावीत आणि तिथे पुरेशी सेवा चालू असल्याचे व्यावसायिकाने दाखवले, तर ते ठिकाण अनुदानातून वगळावे, असे ठरले. त्यासाठी राज्याची सूचना आल्यावर त्याला मुदत किती? सात दिवस. मनोऱ्यावर चढणारा तोच, बिले लिहिणारा तोच, इंटरनेट बंद पडले की रात्री फोन उचलणारा तोच. आणि आता ठिपक्या-ठिपक्याचा पुरावा गोळा करणाराही तोच.