चहात शुगर-फ्री, आणि रात्रीच्या ताटात?

उल्हासनगरचे एक दुकानदार काका परवा अभिमानाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साखर एकदम बंद. आता फक्त गोळी." वजनकाटा मात्र तीन महिन्यांपूर्वी होता तिथेच. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिवसाला चार चहा आणि प्रत्येक चहासोबत चार बिस्किटं. वर 'शुगर-फ्री' काजूकतली आली होती, ती दोन दिवसांत संपली.

हिशोब पाहा. एका चमचा साखरेत 16 ते 20 कॅलरी असतात. चार चहांतून दोन-दोन चमचे गेले की 130 ते 160 कॅलरी वाचतात. हे कमी नाही. पण चार ग्लुकोज बिस्किटांतच 80 ते 100 कॅलरी असतात, साखर आणि मैद्यासकट. काजूकतलीतले काजू तर साखर काढल्याने हलके होत नाहीत.

गोळीची भीतीही नको. सुक्रालोजच्या शोधात आपल्या शशिकांत फडणीसांचा वाटा आहे. 1976 साली लंडनमध्ये त्यांना एक रसायन तपासायला सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं चाखायला. (आपण दोन्हीला 'टेस्ट'च म्हणतो!) ते साखरेच्या सुमारे 600 पट गोड निघालं. 2023 मध्ये अ‍ॅस्पार्टेम आणि कर्करोगाची बातमी आली, तेव्हा अनेकांनी गोळ्या फेकून दिल्या. पण दिवसाला दर किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम ही मर्यादा तज्ज्ञांनी कायम ठेवली. चहातल्या दोन-चार गोळ्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मिळ जन्मजात आजार असणाऱ्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम घेऊ नये.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की वजन कमी करायला असे गोड पदार्थ वापरू नका. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. माझं मतही तेच. मधुमेह असेल तर चहात गोळी चालेल. नसेल तर दर पंधरवड्याला अर्धा चमचा साखर कमी करा. जिभेला सवय होते.

खरा प्रश्न रात्रीचा आहे. बदलापूर-अंबरनाथहून सकाळी उपाशी निघायचं, संध्याकाळी स्टेशनवर वडापाव, घरी पोचायला साडेनऊ. मग दहा वाजता तीन पोळ्या, भात आणि लगेच झोप! इथे गोळी काय करणार? संध्याकाळी ऑफिसातच मूठभर फुटाणे आणि एखादं फळ खा. रात्री एक भाकरी, पालेभाजी, आमटी, काकडी. सिंधी घरांतली साईभाजी तर पालक आणि चणाडाळीची, कमी तेलात केली तर उत्तम जेवण. भात वाटीभरच.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक मधुमेही घराला सांगतो. एका आजींना रात्री दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मुलाने घाईत चहा केला आणि सवयीने त्यात गोळीच टाकली. साखर उतरलेली असताना गोळीचा काडीचा उपयोग नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील आणि अशी लक्षणं दिसली, तर तीन-चार चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. लोकलने जाणाऱ्यांनी बॅगेत ग्लुकोजची पुडी ठेवावी, गोळ्यांच्या डबीपासून वेगळ्या कप्प्यात.