काळोखाचा पत्ता सांगावा का?

पावसाळा सरून हवा निवळली की मुंबई-पुण्यातल्या आकाशनिरीक्षकांमध्ये एकच विचारणा सुरू होते : येत्या अमावास्येला कुठे जायचे? संध्याकाळी गाडीने निघून सकाळी परत येता येईल, रस्ता धड असेल आणि आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसेल, अशा जागा दरवर्षी कमी होत चालल्या आहेत. जिथे अजून काळोख आहे, त्या गावांची, पठारांची नावे जाहीर करावीत की ओळखीच्यांपुरतीच ठेवावीत, यावर अनुभवी निरीक्षकांमध्ये खरेखुरे मतभेद आहेत. दोन्ही बाजूंकडे दुर्लक्ष करता येणार नाही अशी कारणे आहेत.

नावे जाहीर करू नयेत, असे म्हणणाऱ्यांच्या गाठीशी कडू अनुभव आहेत. भंडारदऱ्याच्या काजव्यांना प्रसिद्धी मिळाली आणि पावसाच्या तोंडावर तिथे वाहनांच्या रांगा लागू लागल्या. अखेर वन विभागाला निर्बंध घालावे लागले. आकाशाच्या बाबतीत तर नुकसान व्हायला गर्दीचीही गरज नसते. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. देवयानी दीर्घिकेचा अंधुक धुरकट ठिपका त्यानंतर कुठे स्पष्ट होऊ लागतो. अशा वेळी वळणावरून प्रखर दिवे लावून एक गाडी आली, की मैदानावरच्या सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गर्दीमागून टपऱ्या येतात, तंबूंची शिबिरे येतात, फाटकावर रात्रभर जळणारे पांढरे दिवे येतात. ज्यासाठी माणसे आली तेच हळूहळू नाहीसे होते.

दुसरीकडे, लपवून ठेवल्याने काळोख टिकतो हेही खरे नाही. खगोलमंडळासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे ज्या वांगणीत रात्रभराचे कार्यक्रम घेतले, तिथल्या आकाशावर खरा परिणाम केला तो बदलापूर-नेरळ पट्ट्यात वाढलेल्या वस्तीने. तो उजेड आकाश पाहायला आलेल्यांनी आणलेला नव्हता. ज्या काळोखाची कुणाला माहितीच नाही, तो गेला तरी हरकत घ्यायला कुणी उरत नाही. शिवाय माहिती ओळखीपाळखीवर चालली, तर ती आधीपासून वर्तुळात असलेल्यांनाच मिळते. शाळेतला मुलगा, गाडी नसलेले कुटुंब, रात्री अनोळखी माळावर जाणे सुरक्षित न वाटणारी स्त्री, यांना खात्रीची जागा कळणेच आवश्यक असते. आकाश सर्वांचे आहे असे म्हणायचे आणि वाट मात्र मोजक्यांनाच दाखवायची, हे न्यायाला धरून नाही.

मात्र या सगळ्या वादात ज्यांना विचारले जात नाही, ते त्या गावांत राहणारे लोक आहेत. आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुका या खगोलसंशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे आणि त्याच तालुक्यात उसाच्या फडातून बिबट्याही फिरतो. रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला रस्त्यावरचा दिवा ही चैन नाही. शहराने आपले आकाश उजेडात बुडवायचे आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी गावाने अंधारात राहायचे, ही मागणी कुणी केली तर गावाने ती फेटाळणेच रास्त ठरेल.

तथापि, गावाची सुरक्षितता आणि आकाशाचा काळोख यांत दिसतो तेवढा विरोध नाही. उघड्या गोल दिव्याचा बराच प्रकाश वर आणि बाजूला जातो. तोच दिवा वरून झाकला, तोंड जमिनीकडे वळवले आणि निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर छटेचा बसवला, तर कमी विजेत रस्ता तेवढाच दिसतो आणि डोळे दिपत नाहीत. पेंच व्याघ्र प्रकल्पात हेच झाले. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे बसवले गेले, आणि जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. नागपूरकराला दीड-दोन तासांत गाठता येईल असे हे आकाश आज जाहीर आहे, आणि जाहीर असूनही राखलेले आहे.

अर्थात पेंचचा कित्ता सह्याद्रीत जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिथे वन विभागाचा अंमल आहे. इकडे मुळशी, वेल्हे, मुरबाड, अकोले या पट्ट्यांत खासगी जमीन, फार्महाऊस आणि रिसॉर्ट यांची सरमिसळ आहे. नियम कुणी करायचा आणि पाळला जातो की नाही हे कुणी पाहायचे, हा प्रश्न उरतोच. लांब जाणे हाही सरसकट उपाय नाही. शहरापासूनचे अंतर दुप्पट केले की त्याच्या उजेडाचा त्रास ढोबळमानाने पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. पण रात्रभर जागून पहाटे घाट उतरण्याचा धोकाही तितकाच वाढतो.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल जागा सांगण्याकडे झुकतो, पण एका अटीवर. जिथे कुणी यजमान नाही, तो मोकळा माळ जाहीर करू नये. जिथे ग्रामपंचायतीची संमती आहे, वाहने अलीकडे थांबवण्याची सोय आहे, येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा आहे आणि मिळणारा पैसा गावात राहतो, ती जागा अवश्य जाहीर करावी. मुंबई-पुण्याच्या आसपास अशी दोन-तीन गावे निश्चित करून तिथले दिवे बदलण्याचा खर्च जिल्हा नियोजनातून करणे अशक्य नाही. आकाशनिरीक्षक संस्थांनी तसा प्रस्ताव ग्रामसभांपुढे न्यावा. आणि जाणाऱ्यांनी लाल कागद लावलेली विजेरी सोबत घ्यावी, उजाडेपर्यंत मुक्कामाची तयारी ठेवावी आणि जाण्याआधी गावाला विचारावे. डिसेंबरच्या 13-14 तारखेला मिथुनेचा उल्कावर्षाव भरात असतो. त्याच्या आत ही बोलणी सुरू व्हायला हवीत.