कंपनीचा विमा कंपनीपुरताच

पुंगोल ही तरुणांची वसाहत. २००३ मध्ये एम.आर.टी. आली, उंच इमारती उठल्या आणि आपलीही काही कुटुंबे तेथे घराचे हप्ते फेडीत स्थिरावली. त्यांच्याशी बोलताना एक वाक्य हटकून कानी येते, "आजारपणाचं कंपनी बघते." या भरवशाविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

वर्क परमिट व एस पासवरील कामगारांचा विमा काढणे मालकास बंधनकारक आहे. १ जुलै २०२३ पासून त्याची किमान वार्षिक रक्कम १५,००० वरून ६०,००० डॉलर झाली. नागरिक, कायम रहिवासी आणि एम्प्लॉयमेंट पासवाले यांच्यासाठी मात्र तशी सक्ती नाही. तेथे मालकाची मर्जी, त्याचा नफा आणि चांगली माणसे टिकविण्याची निकड, यांवरच सारे ठरते. मोठ्या कंपनीत हजार निरोग्यांच्या हप्त्यांत दहा आजाऱ्यांचा खर्च जिरतो, म्हणून मधुमेहाची फारशी चौकशी होत नाही. दहा माणसांच्या कचेरीत एकाचे हृदय बिघडले की पुढच्या वर्षीचा हप्ता चढतो, आणि मग यादीतून आधी बायकामुले गळतात.

खरी मेख आहे ती नोकरी सुटते तेव्हा. पन्नाशीत कपात झाली की पगाराबरोबर सहसा विमाही जातो. त्या वयात खासगी पूरक विमा काढावयास जावे, तर जुने दुखणे वगळले जाते. नागरिक व कायम रहिवाशांना २०१५ पासून मेडिशील्ड लाइफचा आधार आहे, तोही जुन्या आजारासकट. पण त्याचा बेत सरकारी रुग्णालयातील अनुदानित वॉर्डाचा. पासवाल्यांना तेवढाही नाही.

स्थानिक नोकरांपुरती यावर तोड निघालेली आहे. मालकाने पगाराच्या किमान १ टक्का जादा रक्कम नोकराच्या मेडिसेव्ह खात्यात भरावी, किंवा नोकरी सुटल्यावरही बारा महिन्यांपर्यंत चालणारा विमा घ्यावा. तसे केल्यास औषधोपचाराच्या खर्चावरील करवजावटीची मर्यादा एकूण पगाराच्या १ ऐवजी २ टक्के होते. पण ज्याचा खर्च मुळात १ टक्क्याच्या आत, त्याला दुसऱ्या टक्क्याचे काय अप्रूप! नुसत्या सवलतीने भागणार नाही, मोठ्या कंपन्यांना तरी हे सक्तीचे करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर पुंगोलच्या तरुण जोडप्यांनी प्रकृती धड असतानाच स्वतःच्या नावचा विमा काढावा. आणि आपल्यांतील जे स्वतः मालक आहेत, त्यांनी आपल्या हिशेबनिसाला या २ टक्क्यांबद्दल एकदा विचारून पाहावे.