संथ प्रवासाची आयात

आमच्या सुशिक्षित वर्गाला अलीकडे संथ प्रवासाचा शोध लागला आहे. दहा दिवसांत सात देश उरकणारे प्रवासी आतां हास्यास्पद ठरले असून, एकट्या फ्रान्समध्यें महिनाभर रेंगाळावें, ब्रिटनीच्या खडकाळ किनाऱ्यापासून प्रोव्हान्सच्या उन्हापर्यंत प्रांताप्रांतांतील भेद चाखीत जावें, हें अभिरुचीचें लक्षण मानलें जातें. या उपदेशांत वावगें कांहींच नाहीं. परंतु संथपणा हा जणू युरोपच्या हवेचाच गुण असून तो तेथें जाऊन विकत घ्यावा लागतो, अशी समजूत त्या उपदेशाबरोबर येथें उतरली आहे. आमचें भांडण आहे तें या समजुतीशीं.

इंग्रजी वाङ्मयावर वाढलेल्या मंडळींनीं मूळ ग्रंथ नीट वाचले असते तरी ही समजूत टिकली नसती. आर्थर यंग १७८७ ते १७८९ या काळांत फ्रान्सभर हिंडला. त्यानें पाहिलें काय? जमिनीचा पोत, पिकें, खंडाच्या रीती आणि शेतकऱ्याची भाकर. त्याला शेती कळत होती म्हणून त्याला फ्रान्स दिसला. स्टीव्हन्सन १८७८ सालीं एक गाढवी सोबतीला घेऊन सेव्हेनच्या डोंगरांत बारा दिवस चालला, आणि खोरें ओलांडलें कीं धर्म आणि त्याच्या जुन्या आठवणी कशा पालटतात, हें त्यानें टिपलें. या दोघांनींही संथपणाची चैन केली नाहीं. जें जाणून घ्यावयाचें होतें तें वेगानें कळण्याजोगें नव्हतें, एवढ्याचसाठीं ते सावकाश गेले.

आतां हीच कसोटी घरीं लावून पाहूं. वऱ्हाडचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन भाग जुन्या काळापासून मानले जातात. अकोल्याकडून वाशीमकडे निघालें म्हणजे पूर्णेच्या खोऱ्याची खोल काळी जमीन आणि तिच्या पोटांतील खारें पाणी मागें पडतें. घाट चढला कीं माती पातळ होते, मुरूम वर येतो, विहिरीचें पाणी गोड लागतें. या पठाराचें एक वैशिष्ट्य असें कीं येथें पाऊस दोन समुद्रांत वांटला जातो. काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळून तापीच्या वाटेनें अरबी समुद्र गांठते. पैनगंगेला मिळालेलें पाणी वर्धा आणि गोदावरी यांच्या मार्गानें बंगालच्या उपसागरास जातें. आल्प्सच्या माथ्यावर असा जलविभाजक दाखविला तर आमचा प्रवासी त्याचें छायाचित्र काढतो; घरचा तो ओलांडतांना बसमध्यें झोंपलेला असतो.

पैनगंगेच्या पलीकडे तर इतिहासच वेगळा आहे. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें; नदीपलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. त्या शतकाच्या अंतराची खूण आजही बोलण्यांत सांपडते. अलीकडचा 'करून राह्यला' पुढें जातां जातां विरतो आणि 'करायलाय' ऐकूं येऊं लागतें. हा पालट एखाद्या पुलावर एकाएकीं होत नाहीं. तो कोणत्या गांवापासून सुरू होतो हें ऐकावयाचें तर मध्येंच उतरावें लागतें. वेगानें जाणाऱ्याला दोन टोकें तेवढीं दिसतात, आणि मधला सांधा त्याच्या हातून निसटतो.

ही दृष्टि आम्हांला परकी आहे काय? दहाव्या शतकाच्या आरंभींच्या राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त एक कथा रचली आहे. काव्यपुरुष रुसून निघतो आणि साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते. पूर्वेचे देश, पांचाल, अवंती आणि शेवटीं दक्षिण अशी ती यात्रा आहे. ठिकठिकाणीं वेष, नृत्य आणि बोलण्याची रीति पालटत जाते, व तो हळूहळू वश होतो. अखेर त्यांचा विवाह होतो तो विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत. हें वत्सगुल्म म्हणजेच आपलें वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुषाला कोणी थेट वत्सगुल्मास आणून उतरविलें नाहीं; आधींचे प्रांत पायांखालीं गेले नसते तर वैदर्भीचें माधुर्य त्याला कळलेंच नसतें.

यावर कोणी म्हणेल, 'प्राध्यापक, तुम्हांला बैलगाडी परत आणावयाची आहे काय?' मुळींच नाहीं. ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पुरा झाला. त्यावरून वाशीम जिल्हा तासाभरांत मागें पडतो. कारंज्याच्या रोग्याला नागपूर गांठावयाचें असेल तर त्याला तो रस्ता हवाच. कारंज्यावरून जाणाऱ्या 'शकुंतले'साठीं, जिच्यांत आपण कधीं बसलों नाहीं त्या गाडीसाठीं, अश्रू ढाळण्यांतही अर्थ नाहीं. मात्र रस्त्याचा उपयोग वेगळा आणि देशदर्शन वेगळें. ज्या कारंज्याच्या जैन भांडारांतील अपभ्रंश पोथ्यांनीं हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांना आयुष्यभराचें काम दिलें, तें कारंजें महामार्गावर केवळ उतरण्याची एक पाटी झालें आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गरिबाचा संथपणा ही त्याची सक्ति असते, तिचें कौतुक करूं नये. हें खरें. पण सक्तीनें चालणारा कांहींच पाहत नाहीं, असें मानणें हा त्याचा दुहेरी अपमान आहे. पोहरादेवीस येणाऱ्या बंजारा समाजाच्या पूर्वजांनीं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून जो देश तुडविला, त्याच्या वाटा व पाणवठे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? शेगांवची पालखी वऱ्हाडांतून मराठवाड्यामार्गें पंढरपुरास पायीं जाते; त्या वारकऱ्याला मातीचा रंग कोठें बदलला हें विचारून पाहावें. ज्ञान आहे, तें लिहिणारा मात्र नाहीं. लिहूं शकणारे आम्ही, आणि आम्ही विमानांत.

याचा परिणाम मराठी प्रवासवर्णनावर झालाच आहे. त्यांत भोजनालयांचीं नांवें वाढलीं आणि शेतांचीं कमी झालीं. ज्या भाषेला महानुभावांनीं 'स्थानपोथी'सारखा गांवोगांवच्या देवळांचा नोंदग्रंथ दिला, तिच्या लेखकांस शेजारच्या तालुक्याविषयीं चार पानें लिहितां येऊं नयेत, ही दारिद्र्याची खूण आहे. महाविद्यालयांनीं वार्षिक सहल एकदां तरी अकोल्याहून हिंगोलीपर्यंत मुक्काम करीत न्यावी आणि विद्यार्थ्यांकडून माती, पाणी व बोली यांची वही लिहवून घ्यावी. संपादकांनींही असें लेखन मागवावें. मग फ्रान्सला जरूर जावें. पण तेथल्या एखाद्या शेतकऱ्यानें 'तुमच्या गांवचें पाणी कोणत्या समुद्रास मिळतें?' असें विचारलें, तर उत्तर देतां येईल इतकें तरी घर हिंडून जावें.