अर्जाखालची सही

पांढुर्णा-सौंसरकडील संत्र्यांच्या बागांमधल्या रस्त्यांवरून पहाटे भरतीसाठी धावणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यांतलाच आमचा एक जुना विद्यार्थी, आता सैन्यात नाईक असलेला, मध्यंतरी रजेवर आला असता आईसह घरी भेटावयास आला. बढतीसाठी आवश्यक असलेल्या प्रशिक्षणातून आपले नाव हेतुतः वगळले गेले, असा त्याचा समज झाला होता. तो म्हणाला, "सर, वरच्या साहेबांना चांगल्या भाषेत एक अर्ज लिहून द्या. मात्र खाली नाव नको."

दुसऱ्यांचे अर्ज लिहिणे हे शाळामास्तराच्या पाचवीलाच पुजलेले असते. परंतु निनावी अर्ज लिहिण्यास आम्ही नकार दिला. ज्या अर्जाला धनी नाही, त्याला उत्तर तरी कोणाच्या नावे यावे?

त्याला हे सांगताना आम्हांस गोपाळबाबा वलंगकरांचे स्मरण झाले. कोरेगावच्या लढाईपासून कंपनी सरकारची चाकरी केलेल्या महार शिपायांना गेल्या शतकाच्याही मागे, १८९० नंतरच्या काळात, इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'च्या यादीतून वगळून भरतीचे दार बंद केले. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेल्या वलंगकरांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध सरसेनापतींच्या नावे विनंतीअर्ज सिद्ध केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धाची निकड भासताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडलीही गेली. पुढे डॉ. आंबेडकरांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. तिचे केंद्र आज आमच्याच मध्यप्रदेशात, सागरला आहे. पहिल्या अर्जापासून इथवर ४७ वर्षे गेली. परंतु प्रत्येक अर्जामागे उघडपणे उभा राहणारा माणूस होता.

आजच्या जवानास इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. १९५० च्या सैन्य कायद्याचे २६ वे कलम त्याला तक्रारीचा अधिकार देते. तक्रार आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे करावयाची. ती त्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल, तर त्याच्या वरिष्ठाकडे. तक्रार हाती येणाऱ्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी केलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. अर्थात न्याय मागणारा आणि देणारा एकाच गणवेशात असले की मनात शंका राहतेच. म्हणून २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले व २००९ पासून ते कार्य करू लागले. जबलपूरलाही त्याचे पीठ आहे. आधी सैन्यातील मार्गाने दाद मागावी लागते. तेथे सहा महिन्यांत निर्णय मिळाला नाही, तर न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते.

स्त्री-अधिकाऱ्यांनीही न्यायालयात आपली नावे देऊनच लढा दिला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातील त्यांचा कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही मुलींचा प्रवेश झाला.

तक्रार करणे म्हणजे शिस्त मोडणे, ही समजूत आपल्या घराघरांत आहे. आमच्या मते नियमाने, वस्तुस्थितीस धरून व स्वतःच्या नावानिशी केलेली तक्रार हा शिस्तीचाच भाग होय. कुजबूज आणि निनावी पत्रे मात्र शिस्तीला आतून पोखरतात.

मुलाने बराच वेळ विचार केला. मग तारखा आठवून, ऐकीव ते सारे गाळून, त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. आम्ही केवळ शुद्धलेखन तपासले. निघताना त्याच्या आईने विचारले, "गुरुजी, याच्या नोकरीला धक्का तर नाही ना लागणार?"

तसे वचन देणे आमच्या हाती नव्हते, आणि खोटे आश्वासन देण्यास जीभ धजेना. आम्ही इतकेच म्हणालो, "बाई, अर्जाची एक प्रत घरी जपून ठेवा." अर्जाखाली त्याची सही होती, क्रमांकासह.