ॲम्ब्युलन्स चार इंच वर उचलली, मग पुढे?

तुमच्या फीडवर ती गाडी कधी ना कधी येऊन गेली असणारच. अमेरिकेतली, रिटायर झालेली ॲम्ब्युलन्स. अंगावरचे पट्टे खरवडून मॅट हिरवा रंग मारलेला. जिथे स्ट्रेचर असायचं तिथे पलंग, जिथे ऑक्सिजनचे सिलिंडर असायचे तिथे छोटा ओटा आणि सिंक. छतावर सोलर. आणि चाकं? ट्रॅक्टरला शोभतील अशी. मागे युटाहचे लाल खडक, समोर उकळणारी कॉफी. पहिल्या सेकंदाला बुटकी गाडी, दुसऱ्या सेकंदाला तीच गाडी चार इंच उंच, मध्ये फक्त एक कट.

त्या कटमध्ये काय झालं, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. आणि आपल्याकडेही कुणीतरी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जुनी रुग्णवाहिका घेऊन तेच करायला निघालेलं दिसतं, म्हणून आज त्या कटबद्दल बोलू. मी मास कॉमवाली. सस्पेन्शन हा माझा विषय नव्हे. पण वाचत गेलं की कळतं, हा विषय कुणालाही कळण्यासारखा आहे. फक्त पंधरा सेकंदांत नाही.

आधी ॲम्ब्युलन्सच का, ते बघू. अमेरिकेत ट्रकच्या चेसिसवर वेगळा डबा बसवलेल्या ॲम्ब्युलन्स खूप आहेत. फोर्डची ई-३५० आणि ई-४५० ही त्यातली नेहमीची नावं. डबा ॲल्युमिनियमचा, आत उभं राहता येतं, बाहेरून सामान ठेवायला कप्पे, वायरिंग आणि दमदार अल्टरनेटर आयता. नगरपालिका किंवा अग्निशमन दल ती लिलावात काढतं. किलोमीटर कमी झालेले असतात, पण इंजिन तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवलेलं असतं, हे लिलावाच्या फोटोत दिसत नाही. घासाघीस करताना मीटरपेक्षा इंजिनाचे तास विचारा, असं जाणकार सांगतात ते उगाच नाही.

आता मुद्दा. ही गाडी शहरातल्या डांबरी रस्त्यावर जोरात पळण्यासाठी बनलेली आहे. ई-४५० चं कंपनीने ठरवलेलं कमाल वजन १४,५०० पौंड, म्हणजे साधारण साडेसहा टन. एवढं पेलायचं म्हणून मागचे पाटे जाड आणि कडक. मागचा बंपर चाकांच्या खूप पुढे बाहेर आलेला, त्यावर पायरी. खडबडीत वाटेवर आधी काय आपटेल? हा बंपर. नाल्यात उतरून वर चढताना गाडीचं ढुंगण जमिनीला घासतं. लांब चेसिसमुळे उंचवट्यावर पोटही टेकतं. म्हणून मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो: गाडी वर उचलू.

उचलणं म्हणजे नक्की काय? मागे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा टाकायचा किंवा जास्त कमान असलेले पाटे बसवायचे. पुढे लांब स्प्रिंग घालायच्या. झालं, गाडी वर. पण ॲक्सल? ॲक्सल तिथेच आहे! मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आधी जितका होता तितकाच राहतो, कारण तो चाकाला बांधलेला आहे, बॉडीला नाही. दगड त्यालाच लागणार होता आणि आताही त्यालाच लागणार. तो वर न्यायचा एकच रस्ता म्हणजे मोठा टायर. त्यातही ३० इंचांचा काढून ३३ चा घातला, तर ॲक्सल वर जातो दीडच इंच. व्यास तीनने वाढला, त्रिज्या दीडने; दहावीची भूमिती. मग लिफ्ट कशाला? मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून, आणि पोट व बंपर वर यावेत म्हणून. म्हणजे लिफ्टचा उपयोग आहेच, पण तो थंबनेलवर लिहिलेला उपयोग नाही.

आणि मोठ्या टायरचं बिल वेगळं येतं. ३० वरून ३३ म्हणजे परीघ दहा टक्क्यांनी वाढला. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ वर असते. चढावर इंजिन दमतं, कारण गिअर दहा टक्के ‘उंच’ झाल्यासारखे वागतात. ब्रेकला जड चाक थांबवायचं असतं, पण ब्रेक तेच जुने.

पुढच्या बाजूला तर खरी गंमत आहे. या फोर्डच्या पुढे दोन स्वतंत्र बीम असतात, प्रत्येक बीम समोरच्या बाजूला बिजागरीसारखा अडकवलेला. नुसती लांब स्प्रिंग घातली की दोन्ही बीम खाली झुकतात आणि चाकांचे माथे बाहेर कलतात. टायर एका कडेने झिजायला लागतो, गाडी सरळ चालत नाही. मग बीमची बिजागरी खाली आणणारे ब्रॅकेट हवेत, अलाइनमेंट हवी, ब्रेकच्या नळ्या लांब हव्यात, नाहीतर चाक पूर्ण खाली लोंबलं की नळी ताणली जाते. मागे प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे क्रॉस लवकर जातात. हेडलाइट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. एक गोष्ट बदलली की पाच बदलाव्या लागतात. ज्याने पाचही केल्या त्याची गाडी बघायला मला आवडेल. ज्याने एक करून रील टाकलं, त्याच्या शेजारच्या सीटवर बसायला नाही.

आता जी गोष्ट कुठल्याच कमेंटमध्ये येत नाही ती: उंची. अमेरिकेची रस्ते सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, गाडी उलटण्याची शक्यता जोखायला एक साधा आकडा वापरते. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या कारचा हा आकडा १.३ ते १.५ असतो, उंच एसयूव्ही आणि व्हॅनचा १ ते १.३. डब्याच्या गाडीचं आपण उदाहरणापुरतं धरू: चाकांमधलं अंतर १.८ मीटर, गुरुत्वमध्य १.१ मीटरवर. आकडा येतो ०.८२. गाडी चार इंच उचलली, म्हणजे गुरुत्वमध्य जवळपास १.२ वर गेला. आकडा ०.७५. उताराच्या भाषेत, कागदावर ३९ अंशांना उलटणारी गाडी आता ३७ ला उलटते. दोन अंश, त्यात काय एवढं? पण कागदावरची गाडी दगडासारखी कडक असते. खरी गाडी स्प्रिंगवर कलते, वरच्या बाजूचं चाक दगडावर चढतं, खालचं खड्ड्यात जातं, छतावर दोन सोलर पॅनेल आणि तीस लिटर पाण्याचा टँक असतो. मग ३७ च्या खूप आधीच पोटात गोळा येतो. त्यात वळण आलं तर उताराचीही गरज नाही.

म्हणूनच या छंदात मुरलेली माणसं सुरुवात लिफ्टपासून करत नाहीत. ती आधी वजनकाट्यावर जातात. डब्यातला वैद्यकीय संसार काढल्यावर गाडी हलकी झाली असेल तर कडक पाटे आणखीच कडक वागतात आणि पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या मातीच्या रस्त्यावर दात वाजवतात. लाकडी फर्निचर आणि पाणी भरून पुन्हा जड झाली असेल तर गणित वेगळं. त्यानंतर शॉकअप. लाटांच्या रस्त्यावर साधा शॉकअप सतत वरखाली होऊन तापतो, आतलं तेल पातळ होतं आणि तो काम करणं सोडून देतो. मग टायरची हवा कमी करायची, हा उपाय तर जवळजवळ फुकट आहे: टायर पसरतो, धक्के गिळतो, वाळूत रुतत नाही. डांबरी रस्ता लागला की पंप लावून पुन्हा भरायची, हे विसरायचं नाही, नाहीतर टायर तापून फुटतो. मागचा लांब बंपर कापून आखूड केला तरी नाल्यातून निघायचा कोन सुधारतो, आणि त्याने गुरुत्वमध्य एक इंचही वर जात नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. लाइक्स मिळत नाहीत.

आता आपल्याकडे या. ‘जुगाड’ शब्दाचा आपल्याला फार अभिमान, पण इथे तो चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा. वर सांगितलेल्या पाच गोष्टी आठवतायत ना? ऑगस्ट २०२१ मध्ये केरळात कन्नूरला दोन व्लॉगर भावांची कॅम्पर केलेली टेम्पो ट्रॅव्हलर परिवहन खात्याने ताब्यात घेतली होती. सोशल मीडियावर तेव्हा पोरांनी रान उठवलं. गाडी काही त्याने सुटली नाही.

म्हणजे रस्ता बंद आहे का? नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मान्यता मिळालेल्या नमुन्याप्रमाणे बांधलेली गाडी घ्या, तशी नोंदणी करा, फिरा. सायरन आणि दिवे मात्र ॲम्ब्युलन्ससोबतच उतरले पाहिजेत. ट्रॅफिक तोडायला सायरन वाजवणाऱ्याला ‘कूल’ म्हणणारा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला जरा समजवा.

पण मला हा विषय संपादकीयात घ्यावासा वाटला तो यासाठी नाही. तिकडे निवृत्त ॲम्ब्युलन्स रस्ता नसलेल्या ठिकाणी कॅम्पिंगला जाते. आपल्याकडे चालू ॲम्ब्युलन्स रस्ता संपतो तिथे थांबते, आणि तिथून पुढे, खरं तर तिथून मागे, पेशंट येतो झोळीतून. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य लोकांचे जीव वाचवले, यात वाद नाही. तरी मोखाडा, जव्हार, धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांतून दर पावसाळ्यात डोलीची बातमी येते. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीत आणि चार खांदे चिखलातून चाललेले, हा फोटो तुम्ही इतक्यांदा पाहिलाय की आता बोट थांबत नाही.

तर मग ॲम्ब्युलन्सलाच लिफ्ट करू? हा प्रश्न एका इंजिनिअरिंगच्या मैत्रिणीने विचारला आणि मला तो आवडला, कारण वरचं सगळं गणित इथे जिवावरचं होतं. गाडी उंच केली की स्ट्रेचर तितकंच उंच उचलावं लागतं, आणि ते उचलायला पाड्यावर बहुतेक वेळा ड्रायव्हर आणि एखादा नातेवाईक एवढेच असतात. पाटे कडक ठेवले तर मोडलेल्या हाडाला प्रत्येक खड्डा कळतो. मऊ ठेवले तर घाटात गाडी डोलते आणि मागे उभं राहून सलाइन धरलेला डॉक्टर आपटतो. यावर उत्तरं आहेत. काही ॲम्ब्युलन्समध्ये मागे एअर सस्पेन्शन असतं. पेशंट आत घेताना हवा सोडून गाडी उंटासारखी बसते, निघताना पुन्हा उभी राहते. ते महाग आहे, दगडात हवेची नळी फाटली तर दुरुस्त कोण करणार हाही प्रश्न आहे. मुंबईत २०१७ पासून बाइक ॲम्ब्युलन्स आल्या; डॉक्टर पेशंटपर्यंत पोचतो, पण आडवा पेशंट त्यावरून आणता येत नाही. छोटी, फोर बाय फोर, पाड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंतच पेशंट आणणारी गाडी हा मधला मार्ग मला पटतो. आणि हो, रस्ता बांधणं हे सरकारचं काम आहेच. गाडीची चर्चा करून कुणी त्यातून सुटू नये.

दरवर्षी आपल्या कॉलेजांच्या टीम ‘बाजा’ स्पर्धेसाठी रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये काढतात. २००७ पासून चाललेली ही स्पर्धा, दगडमातीवर पळणारी एक सीटची गाडी स्वतः बांधायची. कॅम्बर, गुरुत्वमध्य, शॉकअप, हे शब्द या पोरांना तोंडपाठ आहेत. ॲम्ब्युलन्स कशी असावी हे सांगणारं एआयएस-१२५ मानकही आपल्याकडे आहे, त्यात गाड्यांचे ए ते डी असे चार प्रकार केलेले आहेत. एका वर्षीच्या फायनल इयर प्रोजेक्टसाठी एवढं पुरेसं आहे: एक पाडा निवडा, तिथल्या आशाताईंना भेटा, पावसाळ्यात वाट कुठे तुटते ते चालत जाऊन मोजा, चढाचा कोन घ्या, झोळी किती वेळात खाली येते ते विचारा. मेकॅनिकलवाल्यांनी गाडीचं गणित करावं, आमच्यासारख्या मास कॉमवाल्यांनी ते तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत आणि या पानापर्यंत आणावं. मोजमापं आली की आम्ही छापू. पण पहिला आकडा स्ट्रेचर जमिनीपासून किती उंच उचलावं लागतं याचा द्या, टायरचा नंतर.